टुम्पाची ठिकरी

“आवं, लांबनं काय बघताय? हातात तर घ्या. नुसत्या वजनावरनं कळंल तुमास्नी.”

“तू दारातनं आलीस तवाच कळलंय मला. चांदी हाय. पर कुणाची?”

“शेफालीची. आपल्या भांडीवाल्या शेफालीची. तिची पोरगी टुम्पा न्हाई का, तिच्या हातात हुती.”

“पोरीनं दिली?”

“दिली म्हंजी... घेतली म्या. उद्या परत दीन म्हनलंय.”

“काय परत देणार? हे काळं ढेकूळ, का आटवून?”

“आवं, पोर हाय ती. तिला काय, दगूड बी चालतोय. तिच्या आयची पैंजणं हाईत ह्यात, ती आयच्या हातात पडू द्यात. बिचारी रडून रडून अर्धी झालीया.”

दिगंबरनं, शकुनच्या नवऱ्यानं, तुकडा उलटा केला, नखानं एक कड खरवडली, दिव्याखाली धरली आणि म्हणाला, “मला काय. तू म्हनतीस तर आटवतो. पर उद्या म्हनलीयास तर पोरीला काय तरी नेऊन दे बाई हातात. ल्हान पोरांच्या ध्यानात ऱ्हातं.”

शकुननं ते ऐकलं आणि सोडून दिलं. सगळं तिथंच चुकलं, असं ती आता म्हणते.

हे बोलणं झालं कोलकात्यात, बडाबाजारच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गलाईच्या दुकानात. विटा-आटपाडीकडच्या माणसाला गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजून घ्यावं, की जुनं सोनं-चांदी आटवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, असा हा धंदा. आमच्या माणदेशात आभाळ कोरडं, म्हणून आमची माणसं भट्टी आणि चिमटे घेऊन मुलखाबाहेर पडली. जिथं सराफकट्टा आहे तिथं आमच्या बोलीत शिवी ऐकू येणार, मग ते गाव कुठलंही असो.

शकुन आटपाडी तालुक्यातली. दिगंबरशी लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माहेरी पाणी दोन कोसांवरनं आणायची, इथं आली तर खिडकीतनं हात बाहेर काढला की हाताला ओल. पहिलं वर्षभर तिला वाटायचं आपले कपडे कधी वाळतच नाहीत. आज साठीला टेकली आहे. चाळीस वर्षांत तिची बंगाली तयार झाली ती अशी, की त्यात निम्मी हिंदी आणि शेवटाला माणदेशी हेल. बडाबाजारातला मासळीवाला तिच्याशी बोलायला लागला की शेजारची गिऱ्हाइकं थांबून ऐकतात.

गलाईच्या घरात बाईला एक विद्या आपोआप येते. ती म्हणजे काहीही वाया घालवायचं नाही. दुकानाचा केर बाहेर पडत नाही. तो पोत्यात साठतो आणि वर्षाकाठी त्याची राख करून ती धुतात, त्यातनं चिमूटभर सोनं निघतं. कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकीत निवळतं. शकुनची पोरं लहान असताना दुकानातनं जिन्यावर जायला निघाली, की ती आधी त्यांचे पाय तसराळ्यात धुऊन घ्यायची. तळव्याला चिकटून कण बाहेर जायला नको. शेजारच्या बायका हसायच्या, “शकुनबाईची पोरं खेळायला चालली का देवळात?” शकुनला त्याचं काही वाटलं नाही. घराची रीत होती. उलट अभिमानच होता तिला.

आता त्या तुकड्याची गोष्ट.

शहराच्या उत्तरेला एका कालव्याच्या काठानं झोपडपट्टी होती. जानेवारीत एका दुपारी तिथं आग लागली, सिलिंडर उडाले, आणि दिवस मावळायच्या आत दीडशे घरं गेली. माणसं बहुतेक कामावर, म्हणून वाचली. शेफाली तेव्हा शकुनच्या मोरीत भांडी घासत होती. फोन आला आणि ती साबणाच्या हातानं पळाली. आठ वर्षांची टुम्पा शेजारणीबरोबर नळावर होती. तिनं आपलं घर जाताना पाहिलं. त्यानंतर तीन दिवस ती पोर बोलली नाही. जेवायला बसवलं की घास तोंडात धरून बसायची, गिळायची नाही.

घरं जळालेल्यांपैकी तीस-पस्तीस कुटुंबांची सोय जवळच्या एका क्लबात केली होती. तिकडं प्रत्येक आळीला असा एक क्लब असतो. एक मोठी खोली, कॅरम, टीव्ही, आणि पुढं मोकळं सिमेंटचं अंगण, जिथं दुर्गापूजेचा मांडव पडतो. खोलीत बायका-पोरं, अंगणात ताडपत्रीखाली पुरुष. गलाईच्या आमच्या माणसांनी एक वेळचं जेवण अंगावर घेतलं आणि त्याचं मुकादमपण शकुननं.

तिनं पहिल्या दिवशी खिचडीला आपल्या रीतीनं लसणाची फोडणी दिली आणि घरनं आणलेल्या डब्यातला कांदा-लसूण मसाला सढळ हातानं घातला. पोरांच्या डोळ्यांतनं पाणी. “मासी, झाल! झाल!” मावशी, तिखट, तिखट म्हणत सगळी नळाकडं पळाली. शकुन म्हणाली, “ह्याला तिकट म्हनत्यात? आमच्याकडं हे बाळंतिणीला घालत्यात.” दुसऱ्या दिवशीपासनं मसाला निम्मा झाला आणि खिचडीत फ्लॉवर-मटार आले. कुरकुर मात्र तिनं शेवटपर्यंत सोडली नाही.

चौथ्या दिवशी ती डाळ धुवत होती, तर अंगणातनं ओरडा ऐकू आला, “पुडे गॅलो! पुडे गॅलो!” म्हणजे जळालं, जळालं. तिच्या हातातनं डाळीची चाळण पडली. धावत बाहेर येते तर आग नाही, धूर नाही. पोरं खेळत होती. टुम्पानं जळक्या लाकडाच्या कोळशानं सिमेंटवर घरं आखली होती. आपल्याकडं ठिकरीचा डाव खेळतात तोच हा, तिकडं एक्का-दोक्का म्हणतात. ठिकरी टाकायची, लंगडी घालत जायचं, ती उचलून परत यायचं, रेघेवर पाय पडता कामा नये. टुम्पानं मात्र घरांना नावं दिली होती. पहिलं तिचं, दुसरं शेजारणीचं, मग नळ, मग चहावाला, मग अशी करत करत सगळी गल्ली, आणि शेवटचं अर्धगोल घर म्हणजे कालव्याचा पूल. रेघ म्हणजे आग. रेघेला पाय लागला की “पुडे गॅलो!” ठिकरी उचलून पुलावर पोचलं की वाचलं.

वीस-पंचवीस पोरं पाळी लावून उभी. आणि तीन दिवस न बोललेली टुम्पा कमरेवर हात ठेवून कोण जळलं नि कोण वाचलं ते ओरडून सांगत होती.

शकुनला ते अभद्र वाटलं. आपल्यात घरात सुतक असलं तर पोरांनी मोठ्यानं हसायचंसुद्धा नाही. इथं दीडशे चुली विझलेल्या, आणि ही कार्टी जळालं जळालं म्हणत उड्या मारतात? तिनं पोरांना दमात घेतलं, “गप बसा रं! आयबापाची घरं गेली, तुमास्नी उड्या सुचत्यात?” पोरांना शब्द कळले नाहीत, आवाज कळला. ती पांगली. दहा मिनिटांनी परत जमली.

न्यू टाउनमधनं एक पोरगी यायची, आभा म्हणून. बाप बँकेतला अधिकारी, पुण्याकडचा, जन्म हिचा इथलाच. कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करायची आणि शनिवार-रविवारच्या सुटीत कुठल्याशा संस्थेतर्फे अशा छावण्यांतल्या पोरांना खेळवायची. तिचं मराठी अडखळत चालायचं, पण शकुन दिसली की ती मराठीच बोलायची. ती म्हणाली, “काकू, प्लीज, त्यांना रागावू नका ना. टुम्पा आज बोलते आहे, तुम्ही बघितलं ना? दुपारी तिनं जेवण पण केलं. हे खेळ नाही झालं तर ते सगळं आत राहून जाईल.”

“आत म्हंजी कुठं?”

आभानं छातीवर हात ठेवला, मग पोटावर. तिला शब्द सापडला नाही.

“बरं बाई,” शकुन म्हणाली. मनात म्हणाली, नोकरीवाली पोरगी, सुटीत हौस म्हणून येती, हिला काय ठाऊक दुःख कशाशी खात्यात.

ती वळली, आणि त्याच वेळी टुम्पानं ठिकरी टाकली. सिमेंटवर तिचा आवाज झाला. आता खापरीचा आवाज वेगळा, दगडाचा वेगळा, आणि शकुनचे कान गलाईच्या घरातले. ती जागच्या जागी थांबली. पुरीएवढा चपटा काळा तुकडा, पडला की उडत नव्हता, जिथं पडेल तिथं बसत होता. पोरांना तो त्यासाठीच प्यारा होता. शकुननं जाऊन उचलला आणि हाताला वजन लागताच तिला कळलं. वितळलेलं पितळ, ॲल्युमिनियम, काच, आणि मधोमध चांदी. शेफाली रोज ज्यांच्या नावानं रडायची ती आईनं लग्नात घातलेली पैंजणं. टुम्पा जळक्या जागेतनं, आपल्या घराच्या जोत्यावरनं तो तुकडा घेऊन आली होती.

“मासी, घुटी दाओ,” टुम्पानं हात पुढं केला. माझी ठिकरी दे.

“कल दूँगी. सच्ची.”

पोरीनं हात मागं घेतला नाही. शकुननं तुकडा पदरात बांधला आणि तिच्या डोक्यावर हात फिरवला. “कल. पक्का.” आभा तेव्हा आतल्या खोलीत लहानग्यांना गोष्ट सांगत होती. तिला हे दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी दिगंबरनं तुकडा फोडला, पितळ अलग काढलं, उरलेलं तेजाबात घातलं, आणि मुशीत आटवून बत्ताशाएवढी पांढरी स्वच्छ चांदी काढून दिली. शकुनला मनापासनं समाधान झालं. राखेतनं कण काढायचा हा धंदा, पण आजवर जे काढलं ते गिऱ्हाइकाचं. आज एका गरीब बाईचं काढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते गुपचूप दिलं असतं तरी निभावलं असतं. पण नाही. तिनं पंगतीत, सगळ्यांसमोर शेफालीला उभं केलं आणि चांदी तिच्या तळव्यावर ठेवली. “ये तेरा पैंजण.” शेफालीला आधी कळेना. कळलं तशी ती खालीच बसली आणि शकुनच्या पायांना हात लावून रडायला लागली. बायकांनी उलूध्वनी काढला, शुभकार्यात तिकडं जिभेनं काढतात तसा. क्लबाच्या सेक्रेटरीनं मोबाइलवर फोटो घेतला. राखेतनं चांदी काढणारी मराठी मासी! ताटं वाढायची राहिली, जो तो ती चांदी हातात घेऊन बघतोय.

ह्या गलक्यात टुम्पा कधी येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही. तिनं शकुनचा पदर ओढला. “मासी, आमार घुटी?”

“अगं, तीच की ही. बघ कसली पांढरी झाली.”

पोरीनं चांदी पाहिली. मग शकुनकडं पाहिलं. शकुन सांगते, “तिनं रडावं म्हनून म्या वाट बघितली. रडली असती तर चाकलेट देऊन गप केली असती. न्हाई रडली. मान खाली घातली आन् गेली.” शेफालीच्या नवऱ्यानं चांदी दोन दिवसांत विकली आणि पत्र्यांचा बयाणा दिला. त्याचं बरोबरच होतं. डोक्यावर छप्पर पाहिजे.

पोरांनी दुसरी ठिकरी आणून बघितली. फरशीचा तुकडा उडायचा, बाटलीचं बूच घरंगळायचं. तरी ती खेळली असती, पण टुम्पा पाळीला येईना. आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी तर अंगणात पोरंच उरली नाहीत.

राखेत चांदी असते हे सगळ्या वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येकीचं काही ना काही गेलेलं होतं, कुणाचं मंगळसूत्र, कुणाचा तोडा. मोठ्यांना मजुरीला जायचं, मग आयांनी पोरांना धाडलं. आठ-दहा वर्षांची पोरं जळक्या जागेत वाकून काठीनं राख उकरायला लागली. दुपारी ती वितळलेली ढेकळं घेऊन शकुनच्या चुलीपुढं रांगेत उभी राहिली. “मासी, देखो ना. इसमें है?”

पुढचं सांगताना शकुन मान वर करत नाही.

“मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? उलतनं बाजूला ठेवलं आन् स्टुलावर बसले म्या. एकेक ढेकूळ हातात घ्यायची, हलवायची, ह्यात न्हाई, ह्यात पितळ हाय, हे टाकून दे. पोरं माझ्या तोंडाकडं बघायची, जसं काय मी डागदर. वर आनिक काय केलं म्हाईती हाय? त्यास्नी राख धुवाय शिकवली. घमेल्यात पानी घालून कशी हलवायची, जड ते तळाला कसं बसतं. आमच्या घरची विद्या. माझ्या पोरांस्नी बी म्या दिली न्हवती ती, हितं रस्त्यावर वाटली.”

दोन दिवस हे चाललं. पोरं राखेनं काळी, कोपरापर्यंत हात ओले, थंडीत कुडकुडत. अंगणातला कोळशाचा डाव पायाखाली पुसट होत गेला. एका पोराला चांदीचा एक मणी सापडला, त्यामुळं बाकीची दुप्पट जोरानं उकरायला लागली. सापडेना तशी एकमेकांच्या जागेवर जाऊन भांडायला लागली. शकुन मधे पडून न्याय करायची.

शुक्रवारी टुम्पाचा पाय कापला. काच तळव्यात आत गेली, सहा टाके पडले. शकुन दवाखान्यात पोचली तेव्हा शेफाली दाराशी बसली होती. शकुन तोंडाला येईल ते बोलली, “तुला अक्कल हाय का? मिळाली न्हवं तुझी चांदी? आनिक कशाला पोरीला राखेत घातलीस?”

शेफालीनं मालकिणीला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही तिनं आवाज चढवला नाही. हिंदीत एवढंच म्हणाली, “मैंने नहीं भेजा, मासी. वो चाँदी ढूँढने नहीं गई थी. अपने घर की घुटी ढूँढने गई थी. बोलती है, दूसरे का नहीं चलेगा.”

शकुन तिथल्या बाकावर बसली. आभा काय म्हणत होती ते तिला तेव्हा कळलं, आणि कळलं ते कुणी समजावून नाही, त्या दाराशी बसून. त्या पोरीची गल्ली गेली होती. ती तिनं कोळशानं परत आखली होती. आपल्या घरातली एकच उरलेली वस्तू हातात घेऊन ती रोज त्या आगीतनं लंगडी घालत पुलावर पोचत होती, आणि पोरांनाही पोचवत होती. शकुननं ती वस्तू घेतली, शब्द दिला, आटवून टाकली, आणि टाळ्या घेतल्या.

रात्री लेकीला फोन लावला. मीनाक्षी पुण्यात असते. शकुनला वाटलं, लेक म्हणेल जाऊ दे आई, तू चांगल्या मनानं केलंस. मीनाक्षी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “आई, राग मानू नकोस. पण आम्हाला तरी कुठं खेळू दिलंस? मी अजून घरातनं बाहेर पडताना तळपाय बघते.”

“अगं, धंदाच तसा—”

“तेच म्हणते मी.”

फोन ठेवल्यावर शकुन दिगंबरला म्हणाली, “बाहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्साची. रस्त्याच्या कामावर आय खडी फोडायची, मी पाटी उचलायची. सुकडी खाऊन दिस काढलं. पर जेवनाच्या सुटीत गाडीखाली बसून खडं खेळायची. मुकादम वरडला तर आय त्याच्यावर धावून गेली, म्हनली, पोरीचा खेळ मोडलास तर खडीची पाटी टकुऱ्यात घालीन. माझी आय. अडानी बाई. तिला कळलं हुतं.”

“मग आता काय?” दिगंबर म्हणाला. “झोप. मी सकाळच्याला पितळंची एक चकती ओतून देतो. त्याच मापाची.”

दिली त्यानं. गोल, जड, गुळगुळीत. शनिवारी शकुन ती घेऊन क्लबात गेली. आभा आधीच येऊन उभी होती, रिकाम्या अंगणात, पुसलेल्या रेघांकडं बघत. सेक्रेटरीनं तिला सगळं कौतुकानं सांगितलेलं दिसत होतं.

“काकू, मला एक फोन नाही करता आला?” ती म्हणाली. पुढं तिचं मराठी संपलं, राग मात्र संपला नव्हता. ती बंगालीत, इंग्रजीत काय काय बोलली. शकुनला तिशीतल्या पोरीनं असं कधी झापलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुजं झालं? आता मला तिच्यापुढं काय बोलायचं ते बंगालीत सांग. माझी बंगाली बाजारातली हाय, माफी मागायची न्हाई.”

आभानं दोन वाक्यं शिकवली. टुम्पा खोलीच्या दाराशी पाय लांब करून बसली होती, पट्टी बांधलेला पाय उशीवर. भोवती बायका, क्लबाची माणसं, राखेला निघालेली पोरं. शकुन तिच्यापुढं खाली बसली. साठ वर्षांच्या बाईनं आठ वर्षांच्या पोरीपुढं हात जोडावेत हे तिथल्या बायकांना सोसेना. “कोरो की मासी!” काय करतेस मावशी, म्हणत दोघींनी तिचे दंड धरले. तिनं हात सोडवून घेतले आणि दोन्ही वाक्यं म्हटली. तुझी घुटी मी मोडली. मी खोटं बोलले. हेल माणदेशीच आला, पण पोरीला कळलं. मग शकुननं पितळेची चकती पुढं धरली.

टुम्पानं ती घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. “ये किसके घर का है?”

“कुनाच्या बी न्हाई. नया है.”

“तो फिर नहीं चलेगा.” तिनं अंगणाकडं बोट केलं. “तुम खेलो. अपने घर का लाओ.”

लोक हसले. शकुनच्या कमरेला पदर खोचलेला, शेजारी जमिनीवर घरनं आणलेला मसाल्याचा डबा, कारण तिथनं तिला थेट चुलीकडं जायचं होतं. तिनं डब्याचं झाकण काढलं. “ये है. हमारे घर का.”

आभानं कोळसा शोधून रेघा गडद केल्या. टुम्पा बसल्या जागेवरनं तिला सांगत होती, नळ इकडं, चहावाला तिकडं. शकुननं झाकण टाकलं. ते ठणठणत उड्या घेत तीन घरं ओलांडून बाहेर गेलं. पोरं फिदीफिदी हसली. “दुबारा,” टुम्पा म्हणाली. दुसऱ्यांदा ते कसंबसं दुसऱ्या घरात थांबलं. शकुननं लुगडं हातात धरलं, एक पाय उचलला आणि उडी मारली. गुडघा करकरला, तोल गेला, आणि दुसरा पाय बरोबर रेघेवर.

“पुडे गॅलो!” पोरं एका आवाजात ओरडली.

टुम्पा हसली नाही. तिनं न्यायाधीशासारखी मान हलवली आणि म्हणाली, “मासी जल गई. नेक्स्ट.”

घमेलं घेऊन निघालेल्या दोन पोरी थांबल्या. एकीनं झाकण उचललं, तोंड वाकडं केलं, ते ठेवून दिलं आणि आत जाऊन आपल्या अंथरुणाखालनं काय तरी घेऊन आली. जळलेल्या कुलपाचा तुकडा होता. “आमादेर बाडीर,” तिनं टुम्पाला दाखवलं. आमच्या घरचा. टुम्पानं हातात तोलून बघितला. चालेल, म्हणाली.

सगळी पोरं आली असं नाही. मोठ्यांतली पाच-सहा त्या दिवशीही राखेकडं गेली, आणि त्यांना अडवायचं तोंड शकुनला नव्हतं. राख धुवायला त्यांना तिनंच शिकवलं होतं. वस्तीतल्या बायका तिला अजून मान देतात, चांदीवाली मासी म्हणतात. ती हाक आली की ती दुसरीकडं बघते. “त्या नावानं हाक मारू नका असं सांगाय जावं,” ती म्हणते, “तर का म्हनून इचारत्यात. मग सगळं पयल्यापास्नं सांगाय लागतंय. कितींदा सांगू?”

त्या शनिवारी तिनं झाकण उचलून पदरानं पुसलं, डब्याला लावलं. अंगणात कुणीतरी पुलावर पोचलं असावं, मोठा गलका झाला. शकुन वळून बघायला थांबली नाही. दीडशे ताटं वाढायची होती आणि तांदूळ अजून धुतलेला नव्हता.